नेव्हिगेटरचा घरचा चार्जर: ठाणे-वाशीच्या बाजारात काय घ्यावं, काय टाळावं

गार्मिनचा नुवी, टॉमटॉम, मॅपमायइंडियाचे जुने डॅशबोर्डवाले नेव्हिगेटर, ट्रेकला नेतात ते हँडहेल्ड जीपीएस. ही यंत्रं आजही कामाची आहेत. माळशेजला किंवा कसाऱ्याच्या पुढे फोनची रेंज गेली तरी त्यांचं अडत नाही, कारण नकाशा यंत्रातच साठवलेला असतो आणि उपग्रहाच्या सिग्नलला मोबाइल टॉवर लागत नाही. तरी अनेक यंत्रं कपाटात पडून आहेत आणि त्याचं कारण क्षुल्लक असतं. खोक्यात फक्त गाडीत लावायचा चार्जर आला होता आणि घरच्या सॉकेटसाठी काय घ्यायचं ते मोबाइलच्या दुकानात कुणाला धड सांगता येत नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या दुकानांत यासाठी जे जे पर्याय पुढे केले जातात, त्यांचं हे परीक्षण.

निकाल आधीच सांगून टाकू. यंत्राला मिनी किंवा मायक्रो यूएसबी पोर्ट असेल तर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा, मोठ्या चपट्या यूएसबी खाचेचा, बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असलेला साधा चार्जर आणि एक मीटर किंवा त्याहून आखूड, जाड तारांची केबल एवढं पुरतं. घरात जुन्या फोनचा चांगल्या कंपनीचा चार्जर पडून असेल तर नवा घेऊच नका, ते पैसे केबलवर घाला. या बाबतीत बहुतेक तक्रारींचं मूळ केबलमध्ये असतं आणि बदलला जातो तो चार्जर.

आधी यंत्र उलटं करून पाहा

मागच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये इनपुट किती लिहिलंय ते पाहा. यूएसबी पोर्टवाल्या नेव्हिगेटरना ५ व्होल्ट डीसी लागतो. गोल भोकाचा जॅक किंवा गोल चार पिनांचं कनेक्टर असलेली जुनी यंत्रं यात बसत नाहीत. त्यातली काही १२ व्होल्टच्या घरातली असतात, काहींच्या केबलमध्येच व्होल्टेज कमी करणारं सर्किट असतं. त्यांच्यासाठी मॅन्युअलमधला व्होल्टेज आणि प्लस-मायनसची दिशा कळल्याशिवाय काहीही लावू नका.

मग पोर्टचा आकार. मिनी आणि मायक्रो यांच्यात ग्राहकही गोंधळतात आणि दुकानदारही, कारण दोन्हींची रुंदी जवळपास सारखी, सात मिलिमीटरच्या आसपास असते. फरक जाडीत आहे. मिनीची पिन ३ मिलिमीटर जाड असते, मायक्रोची १.८. नुवीची बहुतेक मॉडेलं आणि गार्मिनचेच हँडहेल्ड ईट्रेक्स १०, २०, ३० आणि जीपीएसमॅप ६४ यांना मिनी लागते. गार्मिनच्या नंतरच्या ड्राइव्हस्मार्ट ५१, ६१ मालिकेत मायक्रो आली आणि ड्राइव्हस्मार्ट ६६, ७६, ८६ मध्ये टाइप-सी. मायक्रो यूएसबी २००७ साली जाहीर झाली आणि फोनवाल्यांनी मिनीकडे पाठ फिरवली. नेव्हिगेटरवाले मात्र पुढची कितीतरी वर्षं मिनीच वापरत राहिले. आज मोबाइलच्या दुकानात मिनीची केबल सहज दिसत नाही ती यामुळे.

हँडहेल्डवाल्यांनी आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. ईट्रेक्स १०, २०, ३० यांच्यात दोन एए सेल बसतात आणि यूएसबीतून वीज दिली तरी ते सेल चार्ज होत नाहीत. केबल जोडलेली असेपर्यंत यंत्र त्या विजेवर चालतं, एवढंच. ते चार्ज होत नाहीत म्हणून चार्जर परत करणारे लोक असतात. त्यात चार्जरचा काही दोष नसतो. या यंत्रांसाठी एनआयएमएच, म्हणजे पुन्हा चार्ज होणारे सेल आणि त्यांचा वेगळा चार्जर घ्यावा. जीपीएसमॅप ६२ आणि ६४ मध्ये गार्मिनचा स्वतःचा एनआयएमएच पॅक टाकला तर तो यंत्रातच चार्ज होतो. बॅटरीच्या खणात एक बारीक बटण असतं आणि त्या पॅकच्या आकारामुळे ते दाबलं जातं. सुटे सेल टाकले की ते दाबलं जात नाही, त्यामुळे चार्जिंगही सुरू होत नाही. काडी घालून ते बटण जबरदस्तीने दाबायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आत साधे अल्कलाइन सेल असतील तर ते गळतात, फुटूही शकतात.

दुकानात पुढे येणारे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे गार्मिनचा स्वतःचा भिंतीवरचा अडॅप्टर. तो चांगला असतो, त्याच्या केबलची पिन यंत्रात घट्ट बसते आणि यंत्र त्याला बरोबर ओळखतं. पण ठाण्यात तो काउंटरवर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर आधी त्याच्या मागचा फोटो मागवा. इनपुटसमोर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर चालेल, फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागेल. नुसतं १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर इथे लावताच जळेल. अमेरिकेतून आलेल्या जुन्या, जड अडॅप्टरमध्ये असे निघतात. नुसत्या चार्जिंगसाठी गार्मिनच्या अडॅप्टरचे जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही. ते कुणी द्यावेत, हे पुढे केबलच्या भागात येईल.

दुसरा पर्याय फोनचा साधा चार्जर, आणि आमची पसंती यालाच. सॅमसंगच्या जुन्या १५ वॅटच्या चार्जरवर दोन आउटपुट लिहिलेले असतात, ५ व्होल्ट २ अँपिअर आणि ९ व्होल्ट १.६७ अँपिअर. तो ९ व्होल्टचा आकडा पाहून लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. हा चार्जर सुरुवात ५ व्होल्टनेच करतो आणि समोरच्या यंत्राने ठरलेल्या भाषेत मागितले तरच ९ वर जातो. जुन्या नेव्हिगेटरला ती भाषा येत नाही, त्यामुळे त्याला ५ व्होल्टच मिळत राहतात. अँपिअरचंही तसंच. चार्जरवर ३ अँपिअर लिहिलंय म्हणून तो ३ अँपिअर ढकलत नाही, यंत्राला जेवढा लागतो तेवढाच करंट ते ओढतं. म्हणून १ अँपिअरच्या यंत्राला ३ अँपिअरचा चार्जर चालतो. उलट केलं तर मात्र चार्जर तापतो आणि व्होल्टेज पडतो.

ॲपलच्या जुन्या ५ वॅटच्या पांढऱ्या ठोकळ्याबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल. त्याची बनावट उत्तम असते, ५ व्होल्ट १ अँपिअर तो व्यवस्थित देतो. पण आपण चार्जर आहोत हे यंत्राला सांगायची त्याची रीत निराळी आहे. २०१० च्या बॅटरी चार्जिंग १.२ या नियमाप्रमाणे चार्जरने आतल्या डेटाच्या दोन तारा एकमेकींना जोडायच्या असतात. तशा त्या जोडलेल्या दिसल्या की यंत्र समजतं की समोर संगणक नाही, भिंत आहे, आणि दीड अँपिअरपर्यंत करंट घ्यायला मोकळं होतं. ॲपलने त्या तारांवर ठरावीक व्होल्टेज ठेवायची पद्धत घेतली. काही नेव्हिगेटरना ती खूण कळत नाही आणि ते संगणकाच्या पोर्टवर घेतात तेवढाच, म्हणजे फार तर ५०० मिलिअँपिअर घेतात. चार्जिंग होतं, पण दुप्पट वेळ लागतो. रात्रभर लावणार असाल तर फरक पडत नाही.

तिसरा पर्याय, हल्लीचे टाइप-सी खाचेचे २० किंवा ३३ वॅटचे चार्जर. नवीन फोनसोबत घेतलेला हाच एकमेव चार्जर घरात असतो, म्हणून हा प्रश्न वारंवार येतो. टाइप-सी चार्जर समोर कुणीतरी आहे अशी खूण मिळाल्याशिवाय वीज सोडतच नाही. ती खूण म्हणजे ५.१ किलोओहमचा एक रेझिस्टर. टाइप-सी ते मिनी किंवा टाइप-सी ते मायक्रो केबलमध्ये तो रेझिस्टर टाइप-सीच्या टोकात बसवलेला असावा लागतो. स्वस्त केबलमध्ये तो गाळलेला असतो. परिणाम असा की तीच केबल एका चार्जरवर चालते, दुसऱ्यावर मेल्यासारखी पडून राहते आणि लोक नेव्हिगेटरला दोष देतात. टाइप-सी पोर्ट असलेल्या काही स्वस्त यंत्रांतही हाच रेझिस्टर नसतो, ती दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने चार्ज होत नाहीत. मोठ्या चपट्या खाचेच्या चार्जरवर ही अडचण येत नाही, तिथे ५ व्होल्ट कायम हजर असतात. जुन्या नेव्हिगेटरसाठी आम्ही अजूनही त्या जुन्या खाचेचा चार्जर सुचवतो तो यासाठीच.

चौथा, अनेक खाचांचा चार्जर. टेबलावर ठेवायला सोयीचा आहे, पण त्यावर लिहिलेले अँपिअर बहुधा सगळ्या खाचांचे मिळून असतात. शिवाय नव्या पद्धतीच्या काही चार्जरमध्ये दुसऱ्या खाचेत फोन लावला की सगळ्या खाचांची वीज क्षणभर तुटते आणि नव्याने वाटणी होते. नुवीला ती तूट म्हणजे गाडीची चावी काढल्यासारखी वाटते आणि पडद्यावर बंद होण्याची उलटी गणती सुरू होते. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये पलंगाशेजारच्या स्विचबोर्डातच यूएसबीच्या दोन खाचा असतात. त्याही चालतात. पण तिथेही २.१ अँपिअर दोघांत वाटलेले असण्याची शक्यता असते, आणि एकदा भिंतीत बसवल्यावर मागचं लेबल दिसत नाही.

पाचवा पर्याय फार कमी लोकांना माहीत आहे आणि तो काही जणांसाठी सर्वांत योग्य आहे. गाडीच्या सामानाच्या दुकानात २३० व्होल्टवरून १२ व्होल्ट करून देणारा, पुढे सिगारेट लायटरचं सॉकेट असलेला अडॅप्टर मिळतो. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप घरी चालवायला लोक तो नेतात. त्यात नेव्हिगेटरचा मूळ कार चार्जर जसाच्या तसा लावता येतो. हिशेब सोपा आहे. यंत्राला ५ व्होल्ट १ अँपिअर म्हणजे ५ वॅट लागतात, १२ व्होल्टच्या बाजूला ते मधली गळती धरून सुमारे अर्धा अँपिअर होतात. त्यामुळे १ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो, २ चा निवांत चालतो. तुर्भे, कळंबोलीच्या ट्रकवाल्यांना यात वेगळाच फायदा आहे. ट्रकची वीज २४ व्होल्टची असते आणि फक्त १२ व्होल्टचा कार चार्जर तिथे लावला तर तो जळतो. घरी या अडॅप्टरवर १२ चेही चार्जर चालतात आणि १२-२४ लिहिलेलेही.

सहावा पर्याय थेट नाकारायचा. इलेक्ट्रिकच्या दुकानात एक अडॅप्टर असतो, त्याला सरकवायचं बटण असतं आणि त्यावर ३, ४.५, ६, ७.५, ९, १२ असे आकडे असतात. पुढे चार-सहा प्रकारच्या पिना. त्यात ५ चा आकडाच नसतो. ६ वर ठेवला तरी भार कमी असताना जुन्या धाटणीचा असा अडॅप्टर लिहिलेल्यापेक्षा जास्त व्होल्टेज देतो. पिन उलटी बसली तर प्लस-मायनस बदलतात. बटण चुकून ९ वर सरकलं तर संपलंच. चालेल असं काउंटरवर कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी घेऊ नका.

केबल, आणि त्या चौथ्या पिनेचं प्रकरण

मिनी यूएसबीत पाच पिना असतात. पहिली ५ व्होल्टची, दुसरी-तिसरी डेटाची, पाचवी ग्राउंड. चौथी पिन ओळख पटवण्यासाठी असते आणि साध्या केबलमध्ये ती कशालाच जोडलेली नसते. गार्मिनच्या कार चार्जरमध्ये मात्र ती वापरलेली असते. ती पिन पाहून नुवी ठरवतो की आपण गाडीत आहोत, नकाशा चालू ठेवायचा. साधी डेटा केबल लावली की त्याला समोर संगणक आहे असं वाटतं, पडद्यावर संगणकाचं चित्र येतं आणि नकाशा गायब होतो.

इथे दुकानात गडबड होते. ग्राहक ते चित्र पाहतो, चार्जर चालत नाही असं समजतो आणि दुसरा मागतो. चित्र आलं तरी बॅटरी भरत असते. रात्री लावून सकाळी काढायचं एवढंच काम असेल तर साधी केबल पूर्ण पुरेशी आहे, गार्मिनची वेगळी केबल शोधत फिरायची गरज नाही. ज्यांना घरी टेबलावर वीज चालू ठेवून मार्ग आखायचे असतात, ठिकाणं भरायची असतात, त्यांनाच चौथी पिन जोडलेली केबल किंवा गार्मिनचा मूळ अडॅप्टर लागतो. वर सांगितलेला १२ व्होल्टचा पर्याय त्यांच्यासाठी स्वस्तात तेच काम करतो. ईट्रेक्स २०, ३० किंवा जीपीएसमॅप ६४ असेल तर तेवढाही खर्च नको. सेटअपमध्ये सिस्टिम, त्यात इंटरफेस, तिथे गार्मिन स्पॅनर निवडा. मग केबल लावल्यावर यंत्र आधी विचारतं, संगणकाला जोडायचं का. नाही म्हटलं की नकाशा चालू राहतो आणि वीज बाहेरून मिळत राहते.

साध्या केबलची पिन कापून चौथ्या पिनेला रेझिस्टर जोडायची युक्ती इंटरनेटवर सापडते. कारखान्यातून आलेल्या मोल्डेड पिनेत चौथ्या पिनेची तार बाहेर आलेलीच नसते, त्यामुळे सुटी पाच पिनांची मिनी पिन विकत घेऊन नव्याने जोडावी लागते. अशी पिन लॅमिंग्टन रोडवर मिळू शकते. त्या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, जवळचं स्टेशन ग्रँट रोड, आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद. सोल्डरिंगचा हात बसलेला असेल आणि मॉडेलप्रमाणे रेझिस्टरची किंमत ठाऊक असेल तरच या वाटेला जा. शेजारच्या पिनांमध्ये एक मिलिमीटरही अंतर नसतं. ५ व्होल्ट चुकून ओळखीच्या पिनेवर गेले तर यंत्राचा बोर्ड जाऊ शकतो.

आता केबलची जाडी. स्वस्त केबलमध्ये विजेच्या तारा २८ गेजच्या असतात. अशा तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज जाते एका तारेतून आणि परत येते दुसरीतून, म्हणजे एक मीटर केबलमध्ये ०.४२ ओहम. १ अँपिअर करंट वाहिला की तेवढेच ०.४२ व्होल्ट वाटेत संपतात. पाचातून साडेचारच्या जरा वर उरतात. केबल दोन मीटरची असेल तर यंत्रापर्यंत ४.१६ व्होल्ट पोहोचतात. लिथियम बॅटरी पूर्ण भरायला ४.२ व्होल्ट लागतात आणि मधल्या सर्किटला त्यावर थोडी जागा हवी असते. मग यंत्र करंट कमी करतं, नाहीतर चार्जिंग सुरू-बंद सुरू-बंद करत राहतं. २४ गेजची एक मीटर केबल घेतली तर हीच घट ०.१७ व्होल्टवर येते. चांगल्या केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत २८एडब्ल्यूजी/१पी आणि २४एडब्ल्यूजी/२सी असं छापलेलं असतं. पहिला आकडा डेटाच्या तारांचा, दुसरा विजेच्या तारांचा. पाहायचा तो दुसरा, आणि गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. बाहेरचं प्लास्टिक जाड आहे म्हणून आतली तार जाड असेलच असं नाही. कापडी वेणीच्या देखण्या केबलमध्येही बारीक तारा निघतात.

मायक्रो केबलला मिनीचं टोक लावणारे छोटे कन्व्हर्टर मिळतात. अडीअडचणीला ठीक आहेत. पण त्यांच्यामुळे एक सांधा वाढतो, यंत्राबाहेर लांब दांडा तयार होतो आणि केबलला झटका बसला की सगळा जोर बोर्डावर सोल्डर केलेल्या पोर्टवर येतो. मिनी पोर्ट ५,००० वेळा पिन काढ-घाल सोसेल असा बनवलेला असतो. रोज एकदा लावलात तर तेरा वर्षांहून जास्त. तो आधी तुटतो तो अशा वाकवण्यामुळे.

ठाण्यात आणि नवी मुंबईत कुठे काय मिळतं

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला गोखले रोड, राममारुती रोड आणि गावदेवीच्या बाजूला मोबाइलच्या सामानाची दुकानं दाट आहेत. नवी मुंबईत वाशी स्टेशनसमोरचा रघुलीला मॉल आणि सेक्टर १७. चार्जर इथे भरपूर मिळतात, मिनी केबल मात्र मोबाइलच्या दुकानात मागू नका. तिथे मिनी म्हटलं की मायक्रो हातात पडते. संगणक दुरुस्तीवाले, कॅमेऱ्याची दुकानं आणि गाडीच्या ॲक्सेसरीजवाले यांच्याकडे विचारा. मागताना डॅशकॅमची जाड पिनवाली केबल म्हणा, लगेच कळतं. जुन्या हार्ड डिस्कची, पीएस ३ च्या रिमोटची, गोप्रो हीरो ३ किंवा ४ ची केबल म्हटलं तरी तीच मिळते. डॅशकॅमच्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. चार्जिंगला त्या चालतात, पण नकाशा अपडेट करायला संगणकाला जोडलं तर यंत्र दिसणार नाही. नकाशे अपडेट करायचे असतील तर डेटा केबल हवी असं आधीच सांगा.

पुलाखाली, स्टेशनच्या जिन्याजवळ शे-दीडशे रुपयांना मिळणारा चार्जर घेऊ नका, त्यावर कुठल्याही मोठ्या कंपनीचं नाव छापलेलं असलं तरी. यात प्रश्न पैशांचा नाही. चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये ठरावीक अंतर आणि इन्सुलेशन ठेवावं लागतं. स्वस्त चार्जरमध्ये नेमकी तीच काटकसर केलेली असते. यंत्राच्या धातूच्या कडेला बोट लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात, काचेचा टचस्क्रीन आपोआप दाबला जातो, नकाशा स्वतःहून सरकतो. ही लक्षणं दिसली की चार्जर त्याच क्षणी काढा.

भारतात असे पॉवर अडॅप्टर विकायला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, २०१२ च्या आदेशाखाली ती व्यवस्था सुरू झाली. चार्जरच्या अंगावर आयएस क्रमांक आणि त्याखाली आर अक्षरापुढे आठ आकडे असा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर हे सरकारी ॲप उघडा, आर क्रमांक तपासायच्या पर्यायात तो भरा. उत्तरात उत्पादकाचं नाव, वस्तूचा प्रकार आणि ब्रँड दिसतो. नुसता क्रमांक सापडला म्हणून थांबू नका. वस्तूच्या जागी पॉवर अडॅप्टर आहे ना आणि ब्रँड हातातल्या चार्जरचाच आहे ना ते पाहा, कारण दुसऱ्याच वस्तूचा क्रमांक छापलेले चार्जर बाजारात असतात. हे सगळं पैसे द्यायच्या आधी दुकानात उभ्या उभ्या होतं.

पिनांकडेही लक्ष द्या. बारीक, ४ मिलिमीटरच्या दोन पिनांचा चार्जर आपल्या जुन्या सॉकेटमध्ये सैल बसतो. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींमधली सॉकेट तर वापरून आणखी ढिली झालेली असतात. सैल पिनेत ठिणग्या उडतात, प्लास्टिक पिवळं पडतं. अशा घरात चार्जर चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर लावा नाहीतर सॉकेट बदलून घ्या.

दुकानातच तपासून घ्यायचं

यंत्र सोबत न्या, बॅटरी निम्म्याच्या आसपास असू द्या. भरलेली बॅटरी करंट कमीच घेते, त्यामुळे पूर्ण चार्ज करून नेलं तर काहीच कळत नाही. आधी यंत्र बंद करून केबल लावा, चार्जिंगचं चिन्ह येतंय का पाहा. मग चालू करून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. चिन्ह टिकलं पाहिजे. पिन हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवा. चिन्ह गेलं-आलं तर केबल बदलून पुन्हा तेच करा. दुसऱ्या केबलनेही तसंच झालं तर पोर्ट सैल आहे, चार्जर विकत घेण्याआधी त्याची दुरुस्ती करावी लागेल.

दुकानदाराकडे यूएसबी मीटर असेल तर फारच उत्तम. चार्जर आणि केबल यांच्यामध्ये तो लावायचा. व्होल्टेज ४.७५ च्या खाली जाऊ नये. निम्म्या बॅटरीवर करंट ०.८ ते १ अँपिअर दिसला तर सगळं जागेवर आहे. ०.४५ च्या आसपास अडकला तर यंत्र चार्जरला संगणक समजतंय. ०.१ च्या आसपास असेल तर त्या जोडीने रात्रभरातही बॅटरी भरणार नाही. मीटर केबलच्या अलीकडे असल्यामुळे केबलमध्ये किती व्होल्ट गेले ते त्यावर दिसत नाही. त्यासाठी चार्जर तोच ठेवून दोन केबल बदलून करंट बघा. ज्या केबलवर जास्त दिसतो ती घ्या.

घरी आणल्यावर

वर्षानुवर्षं पडून असलेलं यंत्र पहिल्यांदा लावल्यावर काहीच दाखवणार नाही, आणि नेमक्या याच क्षणी लोक चार्जर परत करायला निघतात. बॅटरी फार उतरली की तिचं संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं. चार्जिंग सर्किट मग आधी अगदी बारीक करंट देऊन तिला वर आणतं आणि तेवढ्या वेळात पडदा काळाच राहतो. तास-दोन तास सोडा. तरी काही नाही दिसलं तर केबल लावलेली असतानाच पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा. या सगळ्यात यंत्र हाताला कोमट लागलं तर चालेल, चटका लागला तर काढा. मागचं झाकण फुगलेलं असेल किंवा पडदा एका कडेने उचललेला असेल तर बॅटरी फुगलेली आहे. ते यंत्र कुठल्याही चार्जरला लावायचं नाही, आधी बॅटरी बदलायची. नुवीसारख्या यंत्रातली बॅटरी ३.७ व्होल्टची असते. नवी घेताना व्होल्टेज, तारांची संख्या आणि कनेक्टर जुन्याशी जुळवून घ्यावं.

पावसाळ्यात खाडीकाठच्या हवेत मिनी पोर्टच्या पिनांवर हिरवट थर धरतो. ऐरोली, दिवाळे, सारसोळे या बाजूला राहणाऱ्यांना आणि बोटीवर हँडहेल्ड नेणाऱ्यांना हे लवकर जाणवेल. यंत्र बंद करून, सेल काढता येत असतील तर काढून, मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पोर्ट साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. टाचणीने खरवडू नका. पिनांवरचा मुलामा निघाला की गंज दुप्पट वेगाने येतो.

मे महिन्यात गाडीतून काढलेलं गरम यंत्र लगेच चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, म्हणून अनेक यंत्रं तेवढ्या तापमानाला चार्जिंग स्वतःहून थांबवतात आणि चार्जर बिघडल्यासारखं वाटतं. पंख्याखाली अर्धा तास ठेवा, मग लावा.